रोज संध्याकाळी उसवलेली गोधडी

थंडी मला आवडत नाही. भोपाळात राहून असं म्हणणं म्हणजे लोकांशी भांडण उकरून काढणं. इथल्या माणसांना उन्हाळा सोसायचा असतो, पावसाळा निस्तरायचा असतो आणि थंडी मिरवायची असते. दिवाळी सरली की सकाळी तलावावरून धुकं उठतं, भाजीच्या गाड्यांवर मटारचे ढीग चढतात, आणि इंद्रपुरीच्या आमच्या गल्लीत पिंजारी येतो. त्याच्या ताणलेल्या तारेचा घुमणारा आवाज घराघरांत शिरतो आणि शेजारणी जुन्या रजया काखेत मारून हसत अंगणात येतात. मी खिडकी लावून घेते. मला ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, उन्हात तापलेल्या सुती लुगड्यांचा वास येतो, आणि एका थंडीतलं माझं वागणं आठवतं. सांगायला गेलं तर फार मोठी गोष्ट नाही. एका म्हातारीचे टाके मी उसवत होते, इतकंच.

तेव्हा आम्ही पिपलानीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. यांची कारखान्यातली शेवटची वर्षं होती. आमच्या ओळीच्या मागे मराठी मंडळींचा एक जुना हॉल होता आणि हॉलमागे फरशीचं मोकळं आवार. कोजागिरी झाली की तिथं आमचं गोधडी मंडळ बसायचं, ते थेट संक्रांतीपर्यंत. जेवणं आटोपून, भांडी घासून, दहा-बारा जणी यायच्या. शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पेशंटबरोबर खेड्यापाड्यांतून माणसं येतात आणि व्हरांड्यात, जिन्याखाली, जागा मिळेल तिथं झोपतात. त्यांच्यासाठी आम्ही गोधड्या शिवायचो. पंधरवड्याला एकदा त्या टेम्पोत घालून नेऊन द्यायचो, फोटो काढायचो आणि येताना कुठेतरी गरम जिलेबी खायचो. जिलेबीचा उल्लेख मंडळाच्या अहवालात नसे.

त्या आवारातल्या उन्हाच्या खुणा मला अजून पाठ आहेत. दोन वाजता ऊन कडुनिंबापाशी असायचं, तीनला मधोमध, चारला भिंतीला टेकलेलं. ऊन सरकलं की गोधडी सरकायची आणि गोधडीबरोबर आम्ही. सगळ्या जणी हातातली सुई तशीच खुपसून ठेवायच्या, चारी कडा धरायच्या आणि बसल्या बसल्या हातभर पुढे सरकायच्या. कुणीतरी पेरू कापलेला असायचा, तिखट-मीठ लावलेला. प्रत्येक लुगड्याला त्याच्या घराचा वास असे, कुणाला हिंगाचा, कुणाला उदबत्तीचा, कुणाला नुसता कपाटाचा. चार इमली या बड्या अधिकाऱ्यांच्या वस्तीतल्या साहेबांच्या बायका रेशमी साड्या पाठवायच्या. त्यात सुई धड चालत नाही आणि ऊबही धरत नाही, पण देणारणीचं नाव मात्र फळ्यावर लिहावं लागायचं.

मंडळ चालवायच्या मंदाताई. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नव्हती. आणि मंडळाला शिवायला शिकवलं होतं विमलकाकूंनी. ऐंशीच्या पुढच्या, अंगानं काटकुळ्या, अमरावतीकडच्या. नागपुरातलं सरकारी ऑफिस इकडे हललं तेव्हा त्यांच्या नवऱ्याची फाईल आणि नवी नवरी दोन्ही भोपाळला आल्या, असं त्या स्वतःच सांगायच्या. थर कसे अंथरायचे, कच्चे टाके कसे घालायचे, बाहेरच्या कडेनं सुरुवात करून फेऱ्यामागून फेरा घेत मध्याकडे कसं यायचं, हे सगळं त्यांचं. मध्यभागी तळहाताएवढी जागा उघडी ठेवायची. शेवटच्या दिवशी तिथं चिमूटभर तांदूळ ठेवायचे आणि मग ती शिवून टाकायची. याला त्या गोधडीचं पोट भरणं म्हणायच्या. पोट रिकामं ठेवलं तर ती दुसऱ्याला ऊब काय देणार, असा त्यांचा हिशोब होता.

शिकवताना मात्र काकूंच्या जिभेला हाड नव्हतं. माझी पहिली ओळ त्यांनी सगळ्यांसमोर वर धरली आणि म्हणाल्या, हे शिवलंय की उंदरानं कुरतडलंय? बायका हसल्या. मीही हसले, कारण न हसून करता काय. मग त्या फक्त एक शब्द बोलल्या, "उसव." दोन हिवाळे मी तो शब्द ऐकला. कधी तासाभराचं काम, कधी अख्ख्या दुपारचं. माझा हात बसला, टाका तांदळाच्या दाण्याएवढा बारीक यायला लागला, तेव्हा त्यांनी उसव म्हणणं बंद केलं. चांगलं म्हणणं सुरू केलं नाही. मी मनात धरून ठेवते. हा माझा स्वभाव आहे आणि तो लपवायचं वय आता राहिलेलं नाही.

मग काकूंचा हात गेला. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उशिरा झालं, दुसऱ्याचं झालंच नाही, आणि उजव्या हाताला कंप सुटला. त्यांचा टाका बोटाच्या पेराएवढा व्हायला लागला. पुढचा एकदम बारका, त्याच्या पुढचा कुठेतरी उतारावर. मंदाताईंनी एकदा तयार गोधड्यांचा फोटो आपल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, तर कुणाच्या तरी सुनेनं खाली लिहिलं, "ये टेढ़ी वाली किसने सिली?" आणि पुढे हसणारे तीन चेहरे. मंदाताईंना दिवसभर अन्न गोड लागलं नाही. मलाही नाही. आता विचार करते तेव्हा वाटतं, ज्यांच्यासाठी शिवत होतो त्यांना काय फरक पडत होता? दवाखान्याच्या व्हरांड्यात एका माणसाच्या हातात मी स्वतः गोधडी दिली होती. त्यानं टाक्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं एवढंच विचारलं, "बिछाऊँ कि ओढ़ूँ?" फरशी गार होती आणि वाराही होता, आणि गोधडी एकच होती. मी नमस्कार करून पुढे गेले.

पण टाक्यांची लाज आम्हाला वाटत होती. काकूंना आता शिवू नका म्हणायचं कुणी? त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या आम्ही. त्यावर काकूंनीच वाट काढून दिली. दिवाळीनंतर त्या मंदाताईंना आणि मला बाजूला घेऊन गेल्या आणि सांगितलं, नेहाला दिवस गेलेत. नेहा म्हणजे त्यांची नात, एकुलती एक. आई नोकरीला जायची म्हणून काकूंच्याच मांडीवर वाढलेली. लग्न होऊन इंदूरला दिलेली, बाळंतपणाला माहेरी येणार होती आणि माघात दिवस भरणार होते. तिच्या बाळासाठी काकूंना एक लहान गोधडी शिवायची होती. जपून ठेवलेली दोन मऊ सुती लुगडी त्यांनी पिशवीतून काढली. घरात आता सून त्यांना सिंथेटिक साड्या आणते, म्हणाल्या, तेव्हा हीच शेवटची. आणि एक अट होती. पोटातल्या बाळासाठी काही शिवलं तर पोटुशीच्या घरात शिवायचं नाही आणि बाळ हातात येईपर्यंत बोलायचं नाही. म्हणून काम इथेच करणार, इथल्याच कपाटात ठेवणार, आणि आम्ही कुणी नेहापाशी तोंड उघडायचं नाही. "माझ्या हातची एवढी शेवटची व्हावी," त्या म्हणाल्या. "बारशाला तिच्या बाळाच्या अंगाखाली घालीन, अन् मग सुई ठेवून देईन."

मंदाताई मोठ्या मनानं हो म्हणाल्या. काकू गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, बरं झालं, आता निदान मोठ्या गोधड्यांना हात लावणार नाहीत. हॉलची किल्ली माझ्याकडे असायची. संध्याकाळी आवराआवर करून कुलूप लावायचं काम माझं. तेव्हा त्या लहान गोधडीकडेही मीच लक्ष द्यावं असं ठरलं. काकूंची ओळ अगदीच वाकडी गेली असेल तर उसवून नीट करायची, म्हणजे उद्या नेहाच्या सासरची माणसं नावं ठेवणार नाहीत. हेतू चांगला होता. सुरुवातीला आमचे सगळ्यांचे हेतू चांगलेच असतात.

पहिले तीन-चार दिवस मी उसवलं आणि माझ्या टाक्यांनी पुन्हा शिवलं. पण माझंही घर होतं, स्वयंपाक होता. एका संध्याकाळी उसवून झालं आणि कारखान्याचा भोंगा झाला. हे येतील म्हणून मी नुसतीच घडी घालून ठेवली. दुसऱ्या दिवशी काकूंनी ती उलगडली, कडेवरून बोट फिरवलं, आणि पुन्हा त्याच कडेपासून सुरुवात केली. मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. काकूंना कळलं नाही, असं आम्ही दोघी त्याच क्षणापासून धरून चाललो. आणि मग हे सोयीचंच झालं. ही गोधडी संपली तर काकू पुन्हा मोठ्या गोधड्यांकडे वळणार. सुई ठेवून देईन हे सगळ्याच म्हाताऱ्या म्हणतात. तेव्हा ती न संपलेली बरी.

अशी ती अख्खी थंडी गेली. दुपारभर काकू मान खाली घालून दोन फेरे घालायच्या, आणि संध्याकाळी मी ते काढायचे. हळूहळू सगळ्या बायकांना ठाऊक झालं. कुणीतरी मुद्दाम विचारायचं, काय काकू, कुठवर आलं? काकू म्हणायच्या, येतंय, येतंय. मग पदराआड हसू. थंडीच्या दुपारी बायकांना करमणूक लागते आणि मटार सोलून ती पुरत नाही. मी हसायचे त्यांच्यात. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मी हसायचे. रिकाम्या हॉलमध्ये एकटी बसून कात्रीच्या टोकानं एकेक टाका उचलताना मला बरं वाटायचं. दोरा सरसर निघून यायचा. उंदरानं कुरतडलंय का काकू, असं मी एकदा मोठ्यानं म्हटल्याचंही आठवतं. ऐकायला कुणी नव्हतं.

लोक म्हणतात, जुन्या आठवणींवर काळाची साय धरते. माझ्या या आठवणीवर धरली नाही. ते ऊन, तो पेरू, ती सरकणारी गोधडी हे सगळं सुंदर होतं, आणि त्या सुंदर गोष्टींच्या मधोमध बसून आम्ही हे करत होतो. थंडीचं कौतुक करणाऱ्या माणसांना हे कसं सांगायचं?

संक्रांत आठ दिवसांवर आली होती. त्या दुपारी कुणाकडे तरी डोहाळजेवण होतं, त्यामुळे आवारात काकू आणि मी दोघीच. ऊन भिंतीशी गेलं तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरला, माझं बोट गोधडीच्या कडेवर ठेवलं आणि सावकाश पुढे नेलं.

"लागतं का काही?"

मी नाही म्हटलं.

"भोकं आहेत," त्या म्हणाल्या. "टाका काढला तरी सुईचं भोक राहतं. नव्या कपड्याचं बुजते, जुन्याचं नाही. तुला शिकवलं नव्हतं का मी?"

कधी कळलं, मी विचारलं. पहिल्याच आठवड्यात, त्या म्हणाल्या. मग बोलला का नाहीत?

"बोलले असते तर तुम्ही म्हटलं असतं, काकू, आता घरीच बसा. घरी मी काय करून राहिले असते? दिवसभर टीव्हीसमोर. इथं उसवायला तरी मी लागत होते तुम्हाला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. मग त्यांनी जे मागितलं ते अगदी थोडं होतं. पोरीचे दिवस भरत आले, आता मला एवढी पुरी करू दे, उसवू नको. बाकी काही नको. मी हो म्हटलं. आणि हे मात्र मी पाळलं. त्या संध्याकाळपासून मी त्या गोधडीला हात लावला नाही.

काकू रोज लवकर यायला लागल्या. कंप सुटलेला हात डाव्या हातानं धरून टाका घालायच्या. पाचव्या दिवसापर्यंत फेरे बरेच आत आले. वाकडे, लहानमोठे, पण आत आले. मध्याची जागा परातीएवढी उरली होती. त्या दिवशी त्यांनी चुणी काढायला दोरा जरासा ताणला आणि कडेची पट्टी फाटली. फार मोठा आवाज झाला नाही. पण एकदा सुरू झालं ते थांबेना. पोस्टाची तिकिटं जशी भोकाभोकांवरून सुटतात, तसं ते लुगडं पहिल्या फेऱ्याच्या ओळीवर चारी बाजूंनी सुटत गेलं. ज्या ओळीवर रोज त्यांनी शिवलं होतं आणि रोज मी उसवलं होतं, तिथं कापड असं उरलंच नव्हतं. खालचा थरही तसाच. काकूंनी दोन्ही हातांनी ते दाबून धरलं, जणू रक्त थांबवत होत्या.

सगळ्या बायका तिथं होत्या. मंदाताई म्हणाल्या, जुनं कापड आहे काकू, विरलेलं होतं. काकूंनी मान वर केली, मंदाताईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या, "जुनंच आहे." आणि त्यांनी त्या तुकड्यांची नीट घडी घातली.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्यानंतर कधीच आल्या नाहीत. मी मात्र घरात होतं नव्हतं ते मऊ कापड जमवून सहा दिवसांत एक लहान गोधडी शिवली. इतके बारीक टाके मी आधी कधी घातले नव्हते आणि नंतरही नाही. ती घेऊन मी काकूंकडे गेले. मागच्या दारी, कुणी नसताना. त्यांनी ती हातात घेतली, पाठीमागून पुढून बोट फिरवलं आणि परत दिली. दुसऱ्याच्या हातची वस्तू माझी म्हणून मी बाळाला देत नसते, म्हणाल्या. मी ती तशीच घरी आणली. फाटलेली गोधडी कपाटातच पडून होती. मंदाताईंनी ती एका मोठ्या गोधडीच्या मधल्या थरात घातली. आमच्याकडे कापड वाया जात नाही. ती कुणाच्या अंगावर गेली, मला ठाऊक नाही.

माघात नेहाला मुलगा झाला. बारशाला मी गेले होते. हॉल फुलांनी सजवला होता, पाळण्यात बाजारातलं निळं ब्लँकेट होतं, त्यावर हत्ती होते. नेहाच्या सासूबाई चौकशी करणाऱ्यातल्या होत्या. त्यांनी भर बायकांत काकूंना विचारलं, की तुमच्या गोधड्यांचं इतकं नाव ऐकलं, पणतवासाठी काय केलंत? मी घुगऱ्यांची वाटी हातात धरून उभी होते. नेहा हसत आजीकडे पाहत होती. तिला खात्री होती की आजी आता पदराआडून काहीतरी काढणार.

"राहिलंच बाई," काकू म्हणाल्या. "डोक्यातूनच गेलं."

नेहाचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तसंच राहिलं, आणि मग तिनं बाळाच्या अंगावरचं ब्लँकेट उगाच सारखं केलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. आता सांगत नाही. मी घुगऱ्या खाल्ल्या आणि घरी आले.

भाद्रपदात काकू गेल्या. मंडळाच्या शोकसभेत मंदाताई म्हणाल्या, काकूंनी शेवटपर्यंत हातातली सुई सोडली नाही. बायका रडल्या. मीही रडले, आणि ते खोटं नव्हतं, हेच वाईट.

आता आम्ही इंद्रपुरीत स्वतःच्या घरात आलो आहोत. मंदाताईंचे गुडघे गेले, म्हणून मंडळ मीच चालवते. दुपारी बसनं पिपलानीला जाते, हॉल उघडते, थर अंथरते. थंडी आवडत नाही म्हणणारी बाई तीन महिने थंडीचंच काम करते, याला काय म्हणायचं ते म्हणा. परवा दुपारी नेहा आली. नवऱ्याची बदली भोपाळला झाली आहे आणि मुलगा शाळेत जायला लागला आहे. माझ्या शेजारीच फतकल मारून बसली आणि म्हणाली, आंटी, मला शिकवा. मग सुई हातात घेऊन तिनं बोलायला सुरुवात केली, आणि मी थांबवू शकले नाही.

"आजीनं सगळ्या शहराला गोधड्या शिवून दिल्या आणि माझ्या पोराला एकही नाही. बारशाला सासूबाईंसमोर इतना बुरा लगा मुझे. नंतर मी आजीशी नीट बोललेच नाही. फोनवर पण नाही. वाटलं, राग गेला की बोलू. आणि ती गेलीच." तिनं डोळे पुसले. "तुम्ही तर रोज तिच्याबरोबर असायच्या. खरं सांगा आंटी, मेरे बच्चे के लिए कभी कुछ सोचा था उसने?"

त्या थंडीतल्या तिघी-चौघी अजून मंडळात आहेत. त्यांच्या माना आणखी खाली गेल्या. बाळ हातात येईपर्यंत बोलायचं नाही, एवढीच काकूंची अट होती, आणि ते बाळ आता शाळेत जात होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याच्या शेवटी मी होते.

"नाही गं," मी म्हटलं. "वय झालं होतं त्यांचं. शेवटी शेवटी काही आठवतच नव्हतं त्यांना."

नेहाचा लगेच विश्वास बसला. मलाही तेच वाटायचं, ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला लागली.